चौथ्या चेकवरची सही

अमेरिकेचं सरकार बंद पडलं त्याच्या पहिल्या दिवशी केंडल सोरेन्सनला कामावर बोलावलं, ते कामावर येऊ नकोस हे सांगायला. त्यासाठी चार तास दिले होते. चार तासांत टेबल आवरायचं, संगणकावर 'सध्या उत्तर देता येणार नाही' असा निरोप ठेवायचा, पत्र मिळाल्याची सही करायची आणि घरी जायचं. सव्वीस वर्षं करखात्यात काढलेल्या माणसाचं टेबल चार तासांत आवरत नाही. पण पत्रात लिहिलं होतं की संसदेकडून सरकारचा पैसा मंजूर होईपर्यंत कोणीही, अगदी स्वखुशीने आणि फुकटसुद्धा, काम करायचं नाही. केल्यास तो कायद्याचा भंग होईल. केंडलने ते वाक्य तीनदा वाचलं. मग त्याने फ्रिजमधलं कोणाचं तरी अर्धं सँडविच कचऱ्यात टाकलं आणि खिडकीतली दोन रोपं उचलली. एक त्याचं होतं. दुसरं शेजारच्या टेबलवरच्या बाईचं. ती रजेवर होती, आणि तिच्या रोपाला पाणी घालणं काम धरलं जाईल का, हे विचारायला इमारतीत कोणी उरलं नव्हतं.

त्याची बायको जनील त्याच आवारात, पलीकडच्या इमारतीत होती. तिलाही पत्र आलं. तोच कागद, तीच भाषा, खाली तीच सही. फक्त तिच्या पत्रात लिहिलं होतं की तिने रोज सकाळी सहाला यायचं आहे.

संध्याकाळी दोघांनी दोन्ही पत्रं स्वयंपाकघरातल्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवली.

"म्हणजे तुला काम आहे आणि पगार नाही," केंडल म्हणाला.

"हो."

"आणि मला काम नाही आणि पगार नाही."

"हो."

"मग आपल्यात फरक काय?"

"फरक एवढाच, की पाच वाजता मी उठणार आणि तू घोरणार," जनील म्हणाली. "बटाटे सोल."

फरकाचं कारण केंडलला समजत होतं, पण पटत नव्हतं. जनीलचं काम पाकिटं उघडण्याचं. लोक सरकारला कर भरतात, त्याचे चेक त्या पाकिटांत असतात. चेक ही सरकारची मालमत्ता, आणि मालमत्तेचं रक्षण थांबवता येत नाही. केंडलचं काम पत्रांना उत्तरं देण्याचं. ज्यांचा जास्त भरलेला कर परत यायचा असतो आणि येत नाही, ते लोक त्याला लिहितात. तो पैसा लोकांचा. तो थांबू शकतो. इतकं सरळ होतं ते, आणि तरी समोरच्या घरातल्या लामार पिट्सला समजावताना केंडलची जीभ अडखळली.

लामार अठ्ठ्याहत्तर वर्षांचा. गुरं विकून टाकलेली, गुडघा गेलेला. तीस वर्षांपासून त्याने चर्चची पायरी चढली नव्हती, आणि ते सगळ्या गल्लीला कळावं म्हणून तो सकाळी ओसरीत बसून चर्चला वर्ज्य असलेली कॉफी उघड उघड प्यायचा. त्याचे अकराशे डॉलर करखात्यात अडकले होते.

"सोरेन्सन! तुझी बायको कामाला जाते ना?"

"जाते."

"म्हणजे माझ्याकडून घ्यायचं दुकान उघडं आहे."

"तसं म्हणता येईल."

"आणि मला द्यायचं दुकान बंद."

"ते... हो. पण त्याला कारण आहे, ब्रदर पिट्स." चर्चमध्ये सगळे एकमेकांना ब्रदर, सिस्टर म्हणत, ती सवय.

"ब्रदर म्हणू नकोस, कॉफी थंड होते माझी." लामारने कप खाली ठेवला. "चाळीस वर्षं मी बोंबलतोय की हे सरकार बंद करा. केलं यांनी. तर माझंच पत्र आत अडकलं. मी म्हणत होतो ते बंद वेगळं होतं, बाबा."

लामारचं ते पत्र केंडलच्याच टेबलवरच्या गठ्ठ्यात होतं. हे केंडलला माहीत होतं आणि सांगायची परवानगी नव्हती. तो म्हणाला, "हवा गार झाली नाही?" आणि घरात गेला.

पहिला पगार अर्धा आला, कारण त्या पंधरवड्यातले थोडे दिवस बंदीच्या आधीचे होते. पुढचा पगार शून्य येणार होता. ते शून्यही नीट छापून येतं, कपातींच्या रकान्यांसकट, असं जनीलला कोणीतरी सांगितलं होतं. बंदी उठल्यावर सगळा पैसा मिळेल असा कायदा आहे, असं एकजण म्हणायचा. तो कायदा या वेळी तसा वाचायचा नाही, असं दुसरा म्हणायचा. केंडलने तो कायदा स्वतः वाचला. वाचल्यावर त्याला दोघांचंही बरोबर वाटलं. तळघरात गहू, शेंगा, बाटलीबंद पीच असं वर्षभराचं भरलेलं होतं, जसं त्यांच्या ओळखीच्या प्रत्येक घरात असतं, त्यामुळे खाण्याची चिंता नव्हती. घराचा हप्ता त्या अर्ध्या पगारातून गेला. मग शिल्लक असं काही राहिलं नाही.

आणि तिसऱ्या मंगळवारी गाडी बंद पडली.

घरात ती एकच गाडी. केंडलचा ट्रक उन्हाळ्यात मुलीच्या लग्नाला विकला होता. तेव्हा तो शहाणपणा वाटला होता. गॅरेजवाल्या ड्वेनने गाडीखाली शिरून पाहिलं, बाहेर आला, हात पुसले आणि म्हणाला, "गिअरबॉक्स. सतराशे ऐंशी. शुक्रवारी देतो. उधारी विचारू नकोस. मागच्या बंदीत दिली होती, त्यातले दोघे अजून रस्त्यात दिसले की मान फिरवतात."

ते राहत त्या प्लेन सिटीपासून आवार अकरा मैल. पहाटे त्या बाजूला बस नाही. जनीलबरोबर काम करणारी ग्रासिएला तिला शुक्रवारपर्यंत नेणार होती. सोमवारपासून तिची पाळी बदलत होती. जनीलने आपल्या मुकादमबाईला फोन करून रजा मागितली. मुकादम म्हणाली, "रजा म्हणजे पगारी रजा, आणि पगार नाही, म्हणून रजाही नाही. आला नाहीत तर 'परवानगीशिवाय गैरहजर' लिहावं लागेल."

एरवी एखादा शेरा जनीलने गिळला असता. पण मुलं मोठी झाल्यावर ती परत नोकरीला लागली त्याला अकरा महिने झाले होते, आणि पहिलं वर्ष परीक्षेचं. त्या वर्षात काढून टाकायला कारण लागत नाही. हे तर कारण होतं.

"सोमवारी सहाला मला तिथे असायला हवं," ती म्हणाली. "बाकी तुला काय करायचं ते कर."

केंडलने बुधवारी बरंच केलं. आधी तो पतपेढीत गेला. सरकारी नोकरांना बिनव्याजी कर्ज, असा फलक दारातच होता. काउंटरवरची मुलगी गोड होती. तिला शेवटची पगारपावती हवी होती. पावती मिळते ती ऑफिसच्या संगणकावर. ऑफिसचा संगणक घरी कपाटात होता, पण तो उघडणं म्हणजे काम.

"नुसता उघडून बघायचा ना," मुलगी म्हणाली.

"पत्रात तसा फरक केलेला नाही."

"मग जुनी पावती आणा."

"जुन्या पावत्याही त्यातच आहेत."

तिथून तो चालत किराणा दुकानात गेला. त्यांना पहाटे माल लावायला माणूस हवा होता, आणि ते आठवड्याला पगार देत होते. मॅनेजरने हात पुढे केला. केंडल म्हणाला की बाहेरचं काम घ्यायला त्याला खात्याची लेखी मंजुरी लागते.

"मग आणा."

"मंजुरी देणारा विभाग बंद आहे."

"कधी उघडतो?"

"मी कामावर परत गेलो की."

मॅनेजरने हात मागे घेतला आणि त्याच हाताने डोकं खाजवलं.

मग बेकारभत्त्याचं ऑफिस. तिथल्या बाईपुढे फॉर्म होता आणि फॉर्मवर पहिलाच प्रश्न होता: तुमची नोकरी गेली आहे का?

"गेलेली नाही," केंडल म्हणाला.

"मग 'नाही' लिहा."

"नाही लिहिलं तर भत्ता मिळतो?"

"नाही."

"मग 'हो' लिहू?"

"गेली आहे का?"

"काय लिहायचं ते तुम्हीच सांगता का?"

"मी सांगितलं तर तो माझा जबाब होईल ना, साहेब," बाई म्हणाली. ती चिडली नव्हती. सकाळपासून ती हेच बोलत असावी. "भरून ठेवा. तीन आठवडे लागतील. आणि तुमचा पगार मागाहून मिळाला की हे सगळं परत करायचं."

केंडलने दोन्ही चौकटी रिकाम्या सोडल्या आणि बाजूला बारीक अक्षरात आठ ओळी लिहिल्या. बाईने त्या वाचल्या, फॉर्म उलटा करून पाहिला आणि ट्रेमध्ये टाकला. तो ट्रे कशाचा होता हे त्याने विचारलं नाही.

गुरुवारी संध्याकाळी चर्चमधलं त्याचं काम असायचं. अकरा वर्षं तो तिथला हिशेबनीस होता. महिन्यातल्या एका रविवारी सगळे दोन वेळचा उपास करतात आणि त्या दोन जेवणांचे पैसे निधीत टाकतात. त्या निधीतून बिशप, म्हणजे चर्चचा स्थानिक प्रमुख, गरजूंची बिलं भरतो. चेक कोणाच्या हातात द्यायचा नाही, घरमालकाला, वीजकंपनीला, दुकानाला द्यायचा. चेकवर दोन सह्या, एक बिशपची, एक हिशेबनिसाची. चर्चमध्ये कोणालाच पगार नसतो. केंडललाही नव्हता, आणि त्याचं त्याला कधी काही वाटलं नव्हतं. कोणाचा चेक छापला हे तो खोलीला कुलूप लावता लावता विसरून जायचा. निदान तसा प्रयत्न करायचा. गेल्या तीन आठवड्यांत ते अवघड झालं होतं, कारण त्यातली निम्मी नावं त्याच्याच मजल्यावरची होती.

बिशप हॉलब्रुक आला तो शिकाऱ्यांचं नारिंगी जाकीट घालूनच. तो एरवी दातांचा डॉक्टर, अडतीस वर्षांचा, केंडलपेक्षा एकोणीस वर्षांनी लहान. शनिवारपासून हरणांची शिकार उघडत होती. बाहेर त्याची गाडी चालूच होती, मागे तंबू, मुलं, भाऊ.

"किती आहेत, ब्रदर सोरेन्सन?"

"तीन, बिशप."

"चार." बिशप खुर्चीच्या कडेवर टेकला. "सिस्टर सोरेन्सन माझ्या बायकोशी बोलल्या."

सिस्टर सोरेन्सन म्हणजे जनील. केंडलने प्रिंटरमधला कागद उगीचच सरळ केला.

"तुम्ही उपासाचे पैसे देता ना?" बिशपने विचारलं.

"देतो."

"कोणासाठी देता?"

"ज्याला गरज असेल त्याच्यासाठी."

"मग तुम्हाला गरज आहे का?"

केंडलने खरंच विचार केला. "ते नक्की सांगता येत नाही, बिशप. पगार आहे. फक्त मिळत नाही."

बिशप हसला नाही. रुग्णाचं तोंड उघडं असताना बघतात तसं त्याने केंडलकडे बघितलं. "गॅरेजचं नाव काय?"

केंडलने चौथा चेक छापला. सतराशे ऐंशी डॉलर. बाहेर मुलं भोंगा वाजवायला लागली. बिशपने चारही चेकवर उभ्या उभ्या सह्या केल्या, केंडलच्या खांद्यावर हात ठेवला आणि गेला. केंडल खाली बसला. अकरा वर्षं केलं तसंच केलं: चेक एकावर एक रचले, दुसऱ्या सहीची रेघ बघितली, सही केली, उलटला, सही केली, उलटला. मग कुलूप लावलं.

शुक्रवारी सकाळी तो चालत गॅरेजवर गेला. दोन मैल. गाडी दारात तयार उभी होती, ड्वेनने काचसुद्धा पुसली होती. केंडलने खिशातून चेक काढला आणि देता देता एकदा वाचला, कारण वाचल्याशिवाय कुठलाही कागद हातातून सोडायची त्याला सवय नव्हती.

दुसऱ्या रेघेवर त्याचं नाव होतं.

ज्याला मदत, त्याची सही चालत नाही. दरवर्षी तपासनीस यायचा आणि सगळ्यात आधी हेच बघायचा. दरवर्षी केंडल अभिमानाने वही पुढे करायचा.

"काय झालं?" ड्वेनने विचारलं.

"यावर माझी सही आहे."

"मग? दोन लागतात ना? दोन आहेत."

"माझी चालत नाही. पैसे माझ्यासाठी आहेत."

"पैसे माझ्यासाठी आहेत," ड्वेन म्हणाला. "वर माझं नाव आहे."

"पण गाडी माझी आहे."

ड्वेनने चेक हातात घेऊन उजेडात धरला. "मला तर बरा दिसतोय."

केंडलने तिथूनच बिशपला फोन लावला. लागला नाही; डोंगरात फोन लागत नाहीत. बिशपच्या दोन सहायकांना लावला. तेही त्याच तंबूत होते. एक दुसरा हिशेबनीस होता, तरुण, त्याच्या बायकोने सांगितलं की तो वडिलांबरोबर हरणांच्याच मागे गेलाय, सोमवारी रात्री येईल. ऑक्टोबरातल्या त्या एका आठवड्यात सही करू शकणारा पुरुष सगळ्या गावात कोणी उरत नाही.

आता काय? चेक दिला तर वटणार होता. बँक काही बोलली नसती. सोमवारी तो बिशपला सांगू शकला असता. पण सांगेपर्यंतच्या तीन दिवसांत तो कोण असला असता? सव्वीस वर्षं त्याने लोकांना पत्रं लिहिली होती: 'आपल्याकडून नजरचुकीने झाले असले, तरी.' त्या 'तरी'च्या पुढे काय यायचं ते त्याला पाठ होतं. दुसरीकडे जनील होती, सोमवार होता, सकाळचे सहा होते. हे जास्त मोठं नव्हतं का? होतं, असंच त्याला वाटत होतं. आणि तरी हात पुढे होईना. त्याला हेही कळेना की हा प्रामाणिकपणा आहे की नुसती भीती.

त्याने ड्वेनचं पेन मागितलं आणि चेकवर तिरकं 'रद्द' लिहिलं.

ड्वेनने पेन परत घेतलं. "गाडी तयार आहे. पैसे तयार होते. माणूस समोर उभा आहे. मला एक सांग, अडलं कुठे?"

"मी मंगळवारी नवा आणतो."

"आण बाबा. तुमचं सरकार का बंद पडतं ते मला आज कळलं."

जनील तीन वाजता आली. पायात जाड मोजे, बोटांना कागदाने कापल्याच्या बारीक रेघा. तिने दारात गाडी नाही हे पाहिलं आणि काही न विचारता बसली. केंडलने सगळं सांगितलं. सांगताना त्याने नियमाचा क्रमांकही सांगितला, आणि तो सांगितला नसता तर बरं झालं असतं हे त्याला लगेच कळलं.

"रद्द लिहिलंस," ती म्हणाली.

"हो."

"तूच."

"दुसरं कोणी नव्हतं."

"मी आज बारा हजार पाकिटं मोजली, केंडल. म्हणजे आमच्या टेबलाने. एका पाकिटात नऊ लाखांचा चेक होता. मी तो काढला, सरळ केला, शिक्का मारला, पुढे दिला. माझ्या पाकिटात चार डॉलर आहेत. मी काही बोलले का? नाही. मी काय केलं? माझ्या मैत्रिणीला गाडीत पेट्रोलचे पैसेही देता आले नाहीत, म्हणून तिला पीचची बरणी दिली. आणि तू घरात बसून एक सही चुकवलीस."

"चुकून—"

"मला माहितीय चुकून! मुद्दाम केली असतीस तर गाडी दारात असती!"

केंडल उभाच होता. बसावं की नाही हे त्याला ठरवता येईना. थोड्या वेळाने तिचे खांदे हलायला लागले. ती रडतेय असं वाटून तो पुढे झाला, तर ती हसत होती, डोळ्यांत पाणी येईपर्यंत, आणि ते हसू चांगलं होतं की वाईट हे त्याला ओळखता आलं नाही.

"चालत जाईन," ती म्हणाली. "अकरा मैल. दोनला निघाले तर सहाला पोचेन."

ती हे थट्टेत म्हणाली नव्हती. त्या संध्याकाळी तिने बूट काढून बघितले.

शनिवारी सकाळी केंडल ओसरीत येऊन उभा राहिला. समोर लामार कॉफी पीत होता. त्याच्या गोठ्याजवळ त्याचा जुना हिरवा ट्रक उभा होता. तो केंडलला रोज दिसत होता, आणि मंगळवारपासून तो त्याच्याकडे न बघण्याचा प्रयत्न करत होता. ज्याचं प्रकरण आपल्या टेबलवर आहे, त्याच्याकडून काहीही घ्यायचं नाही: भेट नाही, जेवण नाही, उसना ट्रक नाही. तरी तो रस्ता ओलांडून गेला. का गेला हे त्याला नीट सांगता आलं नसतं. रात्री बूट दाराशी ठेवलेले त्याने पाहिले होते, एवढंच.

"बस," लामार म्हणाला. "शिकारीला नाही गेलास?"

"मी जात नाही."

"मीही आता नाही. हरीण पळतं, गुडघा पळत नाही."

केंडल बसला आणि बोलायला लागला. एरवी तो चार वाक्यांत थांबायचा. त्या दिवशी त्याने गिअरबॉक्सपासून चेकपर्यंत सगळं सांगितलं, निधीची मदत मागितल्याचंसुद्धा. लामारने एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. सही आली तेव्हा मात्र त्याने कप खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी गुडघा धरून हसला.

"म्हणजे स्वतःच्याच हाताने, स्वतःचाच—" त्याला पुढे बोलवेना. डोळे पुसून तो म्हणाला, "किल्ली खिळ्याला आहे. ने."

"नेता येत नाही."

"का?"

केंडलने पायरीवरची माती बुटाने बाजूला सारली.

"का रे?"

"ते मला सांगता येत नाही."

लामारने डोळे बारीक केले. तो म्हातारा होता, मठ्ठ नव्हता. "माझं पत्र तुझ्याकडे आहे!"

"मी असं काही म्हटलेलं नाही."

"इतकी वर्षं समोरासमोर राहतोय आपण, आणि माझं पत्र तुझ्याकडे!"

"ब्रदर पिट्स, मी असं काही म्हटलेलं नाही."

"बरं. नाही म्हटलंस. पण तू तर घरी बसवलेला. पगार नाही, टेबल नाही. सध्या तू कोणाचा माणूस आहेस?"

हे पत्रात कुठे लिहिलं होतं का, ते केंडल आठवत होता.

तेवढ्यात मागून जनीलचा आवाज आला. ती रस्त्याच्या मधोमध उभी होती, हातात दोन बरण्या. किती ऐकलं होतं कोण जाणे.

"ब्रदर पिट्स, ट्रक भाड्याने देता का? मला. याला नाही. मी पाकिटं उघडते, माझ्याकडे कोणाचं काही अडकलेलं नसतं."

"भाडं काय देशील?"

"दिवसाला एक बरणी पीच. घरचे."

"साखर किती?"

"भरपूर."

"दिला," लामार म्हणाला.

नियमात बायकोही धरतात. केंडलला ते कलम आठवलं, त्यातल्या स्वल्पविरामासकट. त्याने जनीलकडे पाहिलं. जनीलने त्याच्याकडे असं पाहिलं, की त्याने ते कलम बोलून दाखवलं नाही. आणि लगेच दुसरी अडचण निघाली: ट्रकला हाताने गिअर टाकावे लागत, आणि ते जनीलला येत नव्हतं.

"मग हाच चालवेल," लामार म्हणाला. "चालवण्याचं काही कलम आहे का, सोरेन्सन?"

"मला वाटतं नाही," केंडल म्हणाला. "पण खात्री नाही."

सोमवारी साडेपाचला दोघं निघाले. ट्रकमध्ये गुरांचा आणि डिझेलचा वास होता. जनील डबा मांडीवर घेऊन बसली होती. "बिशपची बायको म्हणाली, आज तो आला की उद्या दुसऱ्या हिशेबनिसाची सही घेऊन नवा चेक देईल," ती म्हणाली. "तू त्या खोलीत जाऊसुद्धा नकोस."

"पण छापायचा मला—"

"केंडल."

"बरं."

आवाराच्या फाटकाशी गाड्यांची रांग होती. रांग एकेरी, दोन्ही बाजूंना सिमेंटचे कठडे. सहाला नऊ मिनिटं असताना ते पहारेकऱ्यापाशी पोचले. त्याने जनीलचं ओळखपत्र पाहिलं, मान हलवली. केंडलचं पाहिलं आणि यादी काढली.

"तुम्हाला आत सोडता येत नाही, साहेब. तुम्ही घरी बसवलेल्यांत आहात."

"मला आत यायचंच नाही. मी हिला सोडायला आलोय."

"मग मागे घ्या."

केंडलने आरशात पाहिलं. मागे चाळीस दिवे होते. "मागे घेता येत नाही."

"मग वळवा."

"इथे वळत नाही. वळायला आतलाच गोल आहे."

पहारेकरी रांगेकडे बघून यादीकडे बघायला लागला. त्यालाही तीन आठवड्यांपासून पगार नव्हता. ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मागचा भोंगा वाजला. जनीलने दार उघडलं. "मी उतरते. माझी वेळ लागली पाहिजे." ती उतरली, कोटाचं बटण लावलं, आणि पुन्हा डोकं आत घातलं. "दोन वाजता न्यायला ये. आणि तोपर्यंत कोणाला पत्र लिहू नकोस." ती चालत फाटकातून गेली. यंत्रावर तिचं कार्ड टेकलेलं, हिरवा दिवा लागलेला केंडलने पाहिला. घड्याळात पाच वाजून चोपन्न मिनिटं झाली होती.

"साहेब," पहारेकरी म्हणाला, "आत जा. गोलाला वळसा घाला. बाहेर या. पण आत असताना काही काम करू नका."

"नाही करणार."

"कशालाही हात लावू नका."

"स्टिअरिंगला?"

पहारेकऱ्याने विचार केला. "तेवढं चालेल बहुतेक."

केंडल आत गेला. त्याच्या इमारतीच्या खिडक्या काळ्या होत्या, जनीलच्या उजळलेल्या. त्याने गोलाला वळसा घातला आणि बाहेरच्या फाटकाशी थांबला. तिथल्या बाईने वही पुढे केली. नाव, आत आल्याची वेळ, बाहेर जाण्याची वेळ, कामाचं स्वरूप. शेवटच्या रकान्यापाशी त्याचं पेन थांबलं.

"काही तरी लिहावं लागेल," बाई म्हणाली.

"पण मी काही केलं नाही."

"मग तेच लिहा."

त्याने लिहिलं: 'काही नाही. फक्त वळलो.' खाली सहीची रेघ होती. तिच्याकडे तो जरा वेळ बघत राहिला, आणि मग ही आपल्यालाच करायची आहे ना, हे बाईला विचारून घेतलं.